दोन माणसे, एक टेबल आणि अल्बमचा दौरा

इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम स्टुडिओत घडतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक आवाजाला हवा तेवढा वेळ देता येतो. एखादा ठोका आठवडाभर घासूनपुसून बसवता येतो, एकाच गळ्याचे सात-आठ थर एकमेकांवर चढवता येतात आणि जे साधले नाही ते पुसून पुन्हा करता येते. तोच अल्बम घेऊन दोन कलावंत दौऱ्यावर निघतात, तेव्हा त्यांच्यापाशी चार हात, एक टेबल, काही यंत्रे आणि तासा-दीड तासाचा अवधी एवढेच असते, आणि समोर बसलेल्यांनी ती गाणी घरी हेडफोन लावून पाठ केलेली असतात. अशा वेळी यंत्राने काय वाजवायचे आणि माणसाने काय वाजवायचे, कोणता भाग बांधून ठेवायचा आणि कोणता त्या रात्रीवर सोपवायचा, हे प्रत्येक जोडीला ठरवावे लागते. हा निर्णय वरवर तांत्रिक दिसतो, पण इंडी इलेक्ट्रॉनिक जोडीचे संगीत समजून घ्यायचे तर तिच्या अल्बमइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, या निर्णयाकडे पाहिले पाहिजे. कारण अल्बममध्ये जे बंद झालेले असते ते दौऱ्यात पुन्हा उघडले जाते, आणि किती उघडायचे यावरून त्या जोडीची संगीताविषयीची समजूत कळते.

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचे रुळलेले लघुरूप असून, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या छत्राबाहेर, छोट्या लेबलांमार्फत किंवा कलावंतांच्या स्वतःच्या लेबलामार्फत प्रकाशित होणारे संगीत असा त्याचा मूळ अर्थ आहे. लेबल म्हणजे अल्बमसाठी पैसा घालणारी आणि तो बाजारात पोहोचवणारी संस्था. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे ज्यातला आवाज तारेच्या, कातड्याच्या किंवा हवेच्या कंपनातून न उमटता विद्युत्मंडलातून उमटतो ते संगीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला यातली यंत्रे अगदीच परकी नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजोच्या जोडीने वाजणारा ऑक्टोपॅड हे याच कुळातले वाद्य आहे. त्याच्या रबरी चौकोनावर काठी पडली की आत साठवलेला ढोलाचा किंवा संबळाचा आवाज बाहेर पडतो, म्हणजे आवाज यंत्राचा असला तरी ठोका माणसाच्या हाताचा असतो. याउलट लग्नसमारंभात गायक ‘ट्रॅकवर’ गातो तेव्हा सगळी साथ आधीच मुद्रित झालेली असते आणि जिवंत असतो तो केवळ गळा. इंडी जोड्यांचा गेल्या जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास या दोन टोकांच्या मधल्या जागेत घडलेला आहे.

त्या इतिहासाच्या आरंभी न्यूयॉर्कमधली ‘सिल्व्हर ॲपल्स’ ही जोडी उभी आहे. १९६७ च्या सुमारास सिमियन कॉक्स हा गायक एका रॉक संगीतसंचात गात होता, आणि १९४० च्या दशकातला एक जुना ऑसिलेटर त्याने कार्यक्रमात वाजवायला सुरुवात केली. ऑसिलेटर म्हणजे दोलक, ठरावीक वेगाने मागेपुढे होणारा विद्युत्प्रवाह निर्माण करणारे उपकरण. हा प्रवाह स्पीकरपर्यंत नेला की अखंड सूर ऐकू येतो, आणि उपकरणावरची चकती फिरवली की सूर चढतो किंवा उतरतो. अशी उपकरणे तोवर प्रयोगशाळांमध्ये आणि रेडिओ दुरुस्तीच्या कामात वापरली जात. संचातल्या गिटारवादकांना हा प्रकार पसंत पडला नाही, ते एकेक करून निघून गेले, आणि शेवटी सिमियन व ड्रमवादक डॅनी टेलर हे दोघेच उरले. जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक जोड्यांपैकी एक अशी, कुणी ठरवून न काढता, इतर निघून गेल्यामुळे तयार झाली.

सिमियनने पुढे एकाला एक जोडत नऊ ऑसिलेटरांचे एक धूड उभे केले, ज्यावर हाताने चालवायची ८६ बटणे, चकत्या आणि कळा होत्या, आणि त्या यंत्राला सिमियनचेच नाव पडले. या यंत्राला पियानोसारखी पट्ट्यांची रांग नव्हती. तारायंत्राच्या कळा दाबून सूर सोडायचे, मुख्य सुरांसाठी हात, लयीच्या सुरांसाठी कोपर व गुडघे आणि खर्जासाठी पाय वापरायचे, अशी ती वादनपद्धती होती. त्यामुळे वाजवताना सिमियन सगळ्या देहाने त्या यंत्रात गुंतलेला असे. टेलरने त्याच्या बाजूने वेगळीच युक्ती केली होती. ऑसिलेटर जे मोजके सूर देत होते त्यांच्याशी जुळतील असे ड्रम त्याने सुरात लावून घेतले, जसा तबलजी गायकाच्या पट्टीशी तबला मिळवून घेतो, आणि मग एकच ठेका न सोडता तो तासन्तास वाजवत राहिला. आज ज्या अखंड, आवर्तनी ठेक्याला इलेक्ट्रॉनिक संगीताचा कणा समजले जाते, तो या जोडीत यंत्राने धरलेला नव्हता; तो माणूस धरत होता आणि यंत्र त्याच्यावर भटकत होते. ही अदलाबदल ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांचा पहिला अल्बम १९६८ मध्ये कॅप या लेबलाने काढला आणि दुसरा, ‘कॉन्टॅक्ट’, १९६९ मध्ये आला. या दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर पुढे पॅन ॲम कंपनीच्या विमानाच्या चालककक्षात बसलेले ते दोघे आणि मागे कोसळलेल्या विमानाचे अवशेष असे चित्र होते. पॅन ॲमने दावा लावला, अल्बम दुकानांतून काढून घेतला गेला आणि जोडीचे काम थांबले, ते १९९० च्या दशकात जर्मनीत त्यांचे जुने अल्बम विनापरवाना पुन्हा निघेपर्यंत. ज्या चोरट्या आवृत्तीतून त्या दोघांना एक पैसाही मिळाला नाही, तिच्यामुळेच नव्या पिढीला त्यांची ओळख झाली आणि ते पुन्हा दौऱ्यावर निघू शकले.

न्यूयॉर्कमधलीच ‘सुइसाइड’ ही दुसरी जोडी. ॲलन व्हेगा गाणारा आणि मार्टिन रेव्ह वाजवणारा. वाद्ये म्हणजे एक स्वस्त विजेचे ऑर्गन आणि ठरावीक ठेके वाजवणारी एक लहान पेटी. १९७७ च्या अखेरीस आलेला पहिला अल्बम घेऊन ही जोडी १९७८ मध्ये युरोपात गेली आणि इंग्लिश रॉक गायक एल्व्हिस कॉस्टेलोच्या कार्यक्रमाआधी वाजवू लागली. १६ जून रोजी ब्रसेल्सला श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली, व्हेगाच्या हातातला माइक हिसकावून घेतला आणि त्यांना मंच सोडावा लागला; कुणीतरी कॅसेटवर मुद्रित केलेली ती रात्र पुढे ‘२३ मिनिट्स ओव्हर ब्रसेल्स’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि ती आजही ऐकता येते. त्या रागामागे गाण्यांच्या आवडीनिवडीपेक्षा मोठे कारण होते. मंचावर ड्रम नाहीत, गिटार नाही, घाम गाळणारे चौघे-पाच जण नाहीत, म्हणजे आपण ज्यासाठी पैसे मोजले ते आपल्याला दाखवलेच जात नाही, अशी त्या श्रोत्यांची समजूत झाली होती. हा आक्षेप तेव्हापासून प्रत्येक इलेक्ट्रॉनिक जोडीच्या मागे लागलेला आहे आणि पुढच्या बहुतेक जोड्यांनी मंचावर जे जे केले त्यात त्याला दिलेले उत्तर कुठे ना कुठे सापडते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, आणि जोडीने वाजवणे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते यामुळे. १९८० मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे ठेके वाजवणारे यंत्र काढले आणि पाठोपाठ टीबी-३०३ हे खर्जाच्या ओळी वाजवणारे यंत्र. या दोन्हींत ‘सीक्वेन्सर’ होता. सीक्वेन्सर म्हणजे आधी भरून ठेवलेली सुरांची किंवा ठोक्यांची ओळ पुन्हा पुन्हा त्याच क्रमाने वाजवणारी योजना. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवर जो लेहरा धरला जातो त्याचे काम आणि सीक्वेन्सरचे काम एका जातीचे आहे: एक छोटी ओळ न थकता फिरत राहते आणि तिच्या भरवशावर दुसरा कलावंत मोकळा होतो. दोन यंत्रांमध्ये एक तार जोडली की पहिल्याच्या लयीचे ठोके दुसऱ्याला मिळत आणि दोन्ही एका लयीत चालत.

या यंत्रांच्या इतिहासात मुंबईचे एक पान आहे, आणि ते ओढूनताणून जोडलेले नाही. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर ही तीन यंत्रे एकत्र जोडून, ललत, तोडी असे राग त्यांवर वाजवले, आणि १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियासाठी केली. ती तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या तरुणांनी त्याच ३०३ यंत्राचा चरचरीत, वळणारा आवाज घेऊन ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ केला, आणि २०१० मध्ये मुंबईची ती जुनी तबकडी युरोपात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले, कारण तोच आवाज तिच्यात आधीच होता. सिंग यांना उतारवयात त्या अल्बमसह परदेशी मंचांवर बोलावणे आले. त्यांना शिकागोच्या संगीताचे जनक ठरवण्याची घाई काहींनी केली, ती चूक आहे, कारण त्या तरुणांच्या कानांवर ही तबकडी गेली होती याला आधार नाही. पण यंत्र तेच असले आणि सुराला मुरड घालायची गरज पडली की वेगळ्या शहरांतली माणसे त्याच्यातून सारखा आवाज काढू शकतात, ही गोष्टच पुरेशी नवलाची आहे.

१९८३ च्या जानेवारीत अमेरिकेत एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले, आणि एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजला. ‘मिडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सामाईक भाषेमागे सिंथेसायझर बनवणारे अमेरिकी डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचे श्रम होते, आणि आपापल्या यंत्रात ग्राहकाला कोंडून ठेवण्यापेक्षा सर्वांनी एक भाषा वापरावी हा त्यांचा आग्रह संगीतासाठी मोठा उपकारक ठरला. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, सूचना जातात: अमुक सूर, एवढ्या जोराने, आता सुरू, आता बंद. स्वरलिपीचा कागद आणि प्रत्यक्ष गाणे यांत जे अंतर आहे तेच इथे आहे. लय पाळण्यासाठी मिडी प्रत्येक मात्रेचे २४ भाग करून तेवढे ठोके पाठवते, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सेकंदाला ४८. या बारीक टिकटिकीवर टेबलावरची सारी यंत्रे एकत्र चालतात. एका माणसाला पाच वाद्ये सांभाळता येणे आणि दुसऱ्याला निर्धास्तपणे गाता येणे, हे या टिकटिकीमुळे शक्य झाले.

तरीही एक अडचण होतीच. स्टुडिओतला संगणक गाण्याला डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या एका पट्टीसारखा दाखवत असे: इथे सुरुवात, इथे शेवट, मधले सारे ठरलेले. अशा पट्टीवर मुद्रण उत्तम होते, पण मंचावर रंगात आल्यावर एखादा भाग लांबवायचा असेल तर काही करता येत नाही. बर्लिनमध्ये १९९५ च्या सुमारास सुरू झालेली ‘मोनोलेक’ ही रॉबर्ट हेन्के आणि गेरहार्ड बेहलेस यांची जोडी याच अडचणीशी झगडत होती आणि त्यासाठी स्वतःच छोटे प्रोग्राम लिहीत होती. त्या खटपटीतून १९९९ मध्ये एबलटन ही कंपनी उभी राहिली आणि २००१ मध्ये ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले. आज जगभरातल्या असंख्य इलेक्ट्रॉनिक कलावंतांच्या टेबलावर जे सॉफ्टवेअर चालते ते दौऱ्यावर जाणाऱ्या एका जोडीच्या गरजेतून जन्मले, याची जाणीव फार थोड्या श्रोत्यांना असते. कंपनी सांभाळण्यासाठी बेहलेस जोडीतून बाहेर पडला, आणि हेन्केने मंचावर वाजवत असताना माऊसला हात लावावा लागू नये म्हणून चकत्यांनी भरलेली ‘मोनोडेक’ ही पेटी स्वतःच्या हातांनी बांधली.

‘लाइव्ह’मध्ये पडद्यावर चौकटींची जाळी दिसते. एकेका चौकटीत गाण्याचा एकेक तुकडा असतो: चार मात्रांचा ठेका, आठ मात्रांची खर्जाची ओळ, गळ्याची एखादी हाक. बोट लावले की तुकडा सुरू होतो आणि दुसऱ्या चौकटीला बोट लागेपर्यंत फिरत राहतो. यातली सर्वांत हुशारीची गोष्ट अशी की बोट मात्रेच्या अधेमधे कुठेही पडले तरी नवा तुकडा लगेच सुरू होत नाही. चालू आवर्तन पुरे होईपर्यंत यंत्र थांबते आणि पुढच्या समेवर त्याला सोडते. कलावंताने निर्णय मध्येच घ्यावा आणि तो समेवरच उमटावा, ही सोय त्याला चुकीच्या भीतीपासून सोडवते. याच सोयीमुळे काही जण आळशीही झाले, हे नाकारता येणार नाही.

या साऱ्या साधनांचा विचारपूर्वक उपयोग कसा होतो हे पाहायचे तर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरॅम या, एके काळी तंबाखूच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातली ‘सिल्व्हन एसो’ ही जोडी घ्यावी. अमेलिया मीथ ही ‘माउंटन मॅन’ या तीन स्त्रियांच्या गटात गात होती, ज्याचा सारा भर वाद्यांशिवाय किंवा अगदी थोड्या साथीवर एकमेकींत मिसळणाऱ्या गळ्यांवर आणि अमेरिकी लोकगीतांच्या वळणावर होता. निक सॅनबॉर्न ‘मेगाफॉन’ या संचात बास गिटार वाजवत होता आणि एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करत होता. मीथने आपल्या गटाचे एक गाणे त्याला नव्याने बांधायला दिले, आणि त्यातून २०१३ मध्ये ही जोडी उभी राहिली. २०१४ चा पहिला अल्बम जोडीच्याच नावाचा, २०१७ चा ‘व्हॉट नाऊ’, २०२० चा ‘फ्री लव्ह’ आणि २०२२ चा ‘नो रूल्स सँडी’ असा त्यांचा क्रम आहे. ‘व्हॉट नाऊ’ला इलेक्ट्रॉनिक अल्बमसाठीच्या ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले, पुरस्कार मिळाला जर्मनीच्या ‘क्राफ्टवेर्क’ या संचाला, तोही त्यांच्या मंचावरच्या वादनांच्या मुद्रणाला. आधी पार्टिझन, नंतर लोमा व्हिस्टा आणि त्याच्या जोडीला त्यांचे स्वतःचे ‘सायकिक हॉटलाइन’ हे लेबल, अशी त्यांची प्रकाशनाची वाट राहिली.

मंचावरची त्यांची मांडणी पाहताक्षणी कळते. एका बाजूला टेबलामागे सॅनबॉर्न, त्याच्यापुढे संगणक आणि बटणा-चकत्यांच्या पेट्या. दुसऱ्या बाजूला जाड तळव्यांचे बूट घातलेली मीथ, हातात माइक आणि नाचायला मोकळी जागा. ही विभागणी सोपी दिसते, पण तिच्यात एक मोठी गोम आहे. अल्बममध्ये मीथच्या गळ्याचे अनेक थर असतात आणि त्यातले काही थर तर तुकडे करून, उलटसुलट करून वाद्यासारखे वापरलेले असतात. मंचावर गळा एकच. तेव्हा जे थर उरतात ते टेबलावरून सोडावे लागतात, म्हणजे सॅनबॉर्न केवळ साथ वाजवत नसतो, मीथचाच गळा तो मीथच्या पाठीमागे उभा करत असतो. यासाठी अल्बम पुन्हा उसवावा लागतो. गाणे तयार करताना वापरलेल्या कित्येक डझन पट्ट्यांचे ठेका, खर्ज, वरचे सूर आणि गळ्याचे थर असे मोजके गठ्ठे बांधले जातात, ज्यांना ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात ‘स्टेम’ म्हणतात, आणि प्रत्येक गठ्ठ्याला एकेक चकती दिली जाते. मग ठेका काढून घेऊन गळा उघडा पाडणे, खर्ज अर्धे आवर्तन उशिरा सोडणे, ‘फिल्टर’ मिटत नेऊन सगळा आवाज भिंतीपलीकडून येतो आहे असे भासवणे, हे निर्णय त्या रात्री, त्या श्रोत्यांकडे पाहून घेता येतात. फिल्टर म्हणजे आवाजातले चढे किंवा खालचे घटक गाळणारी चाळण. कुणी खोलीचे दार लोटले की आतल्या गाण्याची धार जाऊन घुमारा उरतो, तसा तिचा परिणाम होतो.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये या जोडीने याच्या नेमके उलट करून पाहिले. ‘विथ’ या नावाच्या छोट्या दौऱ्यात त्यांनी आठ वादक-गायक सोबत घेतले आणि दहा जणांनी मिळून ती गाणी वाजवली. जे यंत्राने वाजत होते ते माणसांच्या हातांत गेले, आणि गळ्याचे जे थर टेबलावरून सुटत होते ते ‘माउंटन मॅन’मधल्या मीथच्या दोन जुन्या सहगायिकांसह प्रत्यक्ष गळ्यांनी भरले. दौऱ्याचा शेवट डरॅमच्या सुमारे २,७०० आसनांच्या नाट्यगृहात दोन रात्रींनी झाला आणि त्याचा चित्रपट पुढच्या वसंतात प्रदर्शित झाला. तो पाहताना एक गोष्ट स्पष्ट होते. दहा जणांनी वाजवलेली गाणी अधिक भरदार आहेत, काही ठिकाणी अधिक सुंदरही आहेत, परंतु दोघांच्या मांडणीतली ती ताणलेली मोकळी जागा, जिच्यात मीथचा एकटा गळा आणि एकच खर्जाचा सूर समोरासमोर उभे असतात, ती त्यात भरून गेली आहे. दोन ही संख्या या संगीतात उणीव म्हणून आलेली नाही. ती त्याची रचनाच आहे.

‘फ्री लव्ह’ आला तेव्हा कोविडच्या महासाथीमुळे सभागृहे बंद होती, आणि जोडीला अल्बम दौऱ्याविना जगात सोडावा लागला. त्यानंतरचा ‘नो रूल्स सँडी’ त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये एका भाड्याच्या घरात काही आठवड्यांत, पहिल्या फटक्याला जे आले ते फारसे न घासता तसेच ठेवत केला, आणि तो प्रकाशित होण्यापूर्वी जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात संपूर्ण वाजवून दाखवला. १९६५ मध्ये याच महोत्सवात लोकगायक बॉब डिलनने विजेची गिटार हाती घेतली तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे आवाज उठले होते. सत्तावन्न वर्षांनी तिथेच एक इलेक्ट्रॉनिक जोडी कुणीही न ऐकलेला अल्बम सलग वाजवते आणि लोकगीतांचे चाहते तो ऐकून घेतात, ही घटना संगीताच्या इतिहासात जितकी नोंदवली जायला हवी होती तितकी नोंदवली गेली नाही. अल्बम आधी आणि दौरा नंतर हा क्रमही तिथे उलटला: श्रोत्यांनी गाणी पहिल्यांदा ऐकली ती मंचावरची, उसवलेली.

‘हे खरोखर वाजवतात का’ हा ब्रसेल्सचा प्रश्न स्वीडनच्या ‘द नाइफ’ या भावंडांच्या जोडीने २०१३ मध्ये उघडपणे हाती घेतला. कारिन आणि ओलोफ द्रेयर यांनी ‘शेकिंग द हॅबिच्युअल’ या अल्बमच्या दौऱ्यात मंचावर नर्तकांचा गट आणला, चमत्कारिक आकारांची वाद्ये वाजवल्याचा आविर्भाव केला, आणि काही गाण्यांत तर मुद्रित संगीतावर केवळ नृत्य केले. अनेक श्रोते फसवले गेल्याच्या भावनेने चिडले. जोडीचा युक्तिवाद असा होता की मंचावरचा घाम हाच अस्सलपणाचा पुरावा मानण्याची सवय मोडली पाहिजे. युक्तिवादात तथ्य आहे. तरीही त्या दौऱ्याने एक गोष्ट गमावली, असे म्हणावे लागते. बोट कुठे पडते यावर पुढच्या समेवर काय उमटेल ते अवलंबून असते, हा धोका मंचावरून नाहीसा झाला की श्रोता पाहतो ते नृत्यनाट्य असते. ते उत्तम असू शकते, पण त्या रात्री तिथे असल्याने गाण्यात काहीही बदलत नाही.

दौऱ्याच्या व्यवहाराविषयी थोडेच सांगायचे आहे. ऑनलाइन ऐकण्यातून मिळणारा मोबदला ऐकणाऱ्यांच्या प्रचंड संख्येवर अवलंबून असल्याने, मध्यम लोकप्रियतेच्या कलावंतांना तिकिटे आणि सभागृहाबाहेरच्या टेबलावर विकले जाणारे टी-शर्ट व तबकड्या यांचाच आधार असतो. दोघांचा प्रवास, मुक्काम आणि सामान पाच जणांपेक्षा स्वस्त पडते, आणि म्हणून छोट्या गावातला कार्यक्रमही त्यांना परवडतो. मात्र जोडी म्हटली तरी तिसरा माणूस नेहमी असतो. सभागृहाच्या मागच्या बाजूला मिक्सरपाशी उभा असलेला ध्वनितंत्रज्ञ प्रत्येक नव्या सभागृहाच्या भिंती, छत आणि गर्दी यांनुसार खर्ज आणि गळा यांचा तोल लावत असतो, आणि खर्ज घुमला तर गळा बुडतो इतके हे संगीत त्याच्या हाती असते. अशा कार्यक्रमाला जाणाऱ्याने एखाद्या गाण्यापुरते तरी मंचाकडे पाठ करून त्याचे हात पाहावेत.

‘सिल्व्हर ॲपल्स’ची पुढची हकिकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९९८ मध्ये दौऱ्यावर असताना त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि सिमियनची मान मोडली. पुन्हा वाजवण्याइतके बरे व्हायला त्याला काही वर्षे लागली. २००५ मध्ये डॅनी टेलर वारला. त्याचे ड्रमवादन मात्र मुद्रित होते. सिमियनने त्या वादनाचे तुकडे काढले, ते यंत्रात भरले, आणि सत्तरीला टेकलेला असताना एकट्याने पुन्हा दौरे सुरू केले. टेबलामागे तो एकटाच उभा असे, ऑसिलेटर त्याच्या हाताखाली आणि ठेका टेलरचा, आणि कार्यक्रमाच्या फलकावर नाव अजूनही ‘सिल्व्हर ॲपल्स’ हेच असे. २०१६ मध्ये त्याने ‘क्लिंगिंग टू अ ड्रीम’ हा नवा अल्बम काढला आणि तो घेऊनही तो मंचावर गेला. सप्टेंबर २०२० मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला.